उंबऱ्यानं अडवलेला राजा

एका राज्यात मेघशाल नावाचा राजा राज्य करीत होता. मोठा शूर, मनानं चांगला, पण कामात भारी उतावळा. लढाई जिंकून आला, तसा त्यानं वेशीपाशी विजयस्तंभ उभारला आणि ज्यांच्या जिवावर राज्य उभं राहिलं त्यांची नावं त्यावर कोरविली. बापाची, आज्याची, साऱ्या सरदारांची. जागा उरली म्हणून तीन हत्तींचीही! बाईचं नाव मात्र औषधालाही नव्हतं.

त्या वाटेनं एक जादूगारीण चालली होती. तिनं स्तंभ वाचला, आधी हसली, मग भडकली. राजवाड्याच्या उंबऱ्यावर तिनं चिमूटभर राख टाकली आणि दिसेनाशी झाली.

राजा घरी आला, तो दाराला तीन कड्या आपोआप पडलेल्या. आत राणी सौदामिनी आणि बारा दिवसांची लेक. त्या दिवशी लेकीचं बारसं होतं. राजानं धक्के दिले, हत्ती आणविले. दार तसूभर हलेना.

चौकटीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राजा, नव्या नवरीला उंबऱ्यात अडवून नाव घ्यायला लावता ना? आज तू अडकलास. मी विचारते, तू या राज्यावर उपकार असलेल्या तीन बायकांची नावं उखाण्यात घे. सूर्य मावळला, की आतली माणसं दगड होतील."

राजानं मावळतीकडं पाहिलं. "विचार," तो म्हणाला.

"शत्रू आला तेव्हा गड कोणी राखला?"

हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राजानं घसा खाकरला आणि लाजत लाजत म्हटलं, "चांदीच्या ताटात केशरी भात, मृगावतीआजीनं केली शत्रूवर मात!"

पहिली कडी खळ्‌कन निघाली. सरदार मिशीत हसले.

"नदीला बांध कोणी घातला?"

"माझ्या आजोबांनी!"

"त्यांनी काठावर बसून पागोटं सांभाळलं. जा, विचारून ये."

राजा घोडा पिटाळीत बांधावर गेला. तिथल्या लोकांनी सांगितलं, पाटाचा उतार कुणाला साधेना, तेव्हा वैजयंता नावाच्या कुंभारणीनं ओल्या मातीत अख्खी नदी करून दाखवली. तिच्याच आखणीनं बांध उभा राहिला. राजा तसाच माघारी आला. "हिरव्या शेताला पाटाचं पाणी, बांध आखणारी वैजयंता शहाणी!"

दुसरी कडी निघाली.

"तू आईच्या पोटात आडवा आलास, तेव्हा दोघांना कोणी वाचवलं?"

"सुईणबाईंनी," राजा पटकन म्हणाला.

"नाव?"

राजानं प्रधानाकडं पाहिलं, प्रधानानं आभाळाकडं. तेवढ्यात पिकल्या मिशांचा पहारेकरी भैरू पुढे आला. "महाराज, ती माझी आई."

"अरे, मग नाव सांग!"

भैरू खाली बघू लागला. "आईला नाव असतं होय, महाराज? आई म्हणजे आई."

सूर्य डोंगराला टेकत आला होता. राजा भैरूच्या घरी धावला. म्हातारी ओसरीवर तांदूळ पाखडीत बसली होती.

"आजी, आपलं नाव काय?"

तिच्या हातातलं सूप थांबलं. "माझं? बाबा, लग्नात नवं ठेवलं, ते सासूबरोबर गेलं. मग मी भैरूची आई, मग साऱ्या गावाची सुईणबाई. माहेरचं नाव... थांब हं." तिनं डोळे मिटले. "आई परसातून हाक मारायची, जेवायला ये गं, केवडे! हो, केवडा! अगंबाई, मी केवडा!"

म्हातारी आधी हसली, मग पदरानं डोळे पुसू लागली. राजाला गलबलून आलं. त्यानं तिला अलगद घोड्यावर बसविलं आणि टाच मारली.

दारापाशी येताच तो ओरडला, "दाराला बांधली आंब्याची पानं, केवडाबाईंचं नाव घेतो मी मानानं!"

तिसरी कडी निघाली, दार उघडलं. राणी लेकीला घेऊन बाहेर आली. राजानं दोघींना कवटाळलं आणि सरदारांदेखत ढसढसा रडला. त्याच सांजेला हत्तींची नावं तासून तिथं तीन बायकांची नावं कोरायचा हुकूम सुटला.

मग राजा हात जोडून म्हणाला, "केवडाबाई, गाव मागा, सोनं मागा."

"या वयात सोनं घालू कुठं? आणखी एकदा हाक मार की, त्याच नावानं."

राजानं हाक मारली. जमलेल्या लोकांनी मारली. त्यांतले निम्मे तिच्याच हातांवर जगात आलेले. शेवटी भैरू पुढे आला. अवघडला, मिशीतल्या मिशीत पुटपुटला, आणि मग मोठ्यानं म्हणाला, "केवडाबाई!"

"ओ!" म्हातारीनं वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओ दिली.