कंपनीनं न दिलेला दांडा

आपली म्हातारी मोटरसायकल हाकत, खंबाटकी घाट ओलांडून निवृत्तीराव खोपडे साताऱ्याच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत पोचले, तेव्हा त्यांची कंबर पार धरली होती. कडक इस्त्रीतले परीक्षक सरदेसाई हँडलपाशी वाकले.

"हा दांडा कसला?"

"स्टिअरिंग डॅम्पर. भंगारातल्या स्कूटरचा शॉकअप, स्प्रिंग काढून बसवलाय. वय झालं हिचं, खड्ड्यात हँडल थरथरतं."

"कंपनीनं असला दांडा दिला नव्हता. गाडी बाद!"

निवृत्तीरावांत भांडायचंही त्राण नव्हतं. समोर सरदेसाईंचीच चकचकीत मोटरसायकल चौघं जण टेम्पोतून अलगद उतरवत होते. तिकडे बघत ते थकल्या आवाजात म्हणाले, "करा बाद. पण साहेब, कंपनीनं टेम्पो तरी कुठं दिला होता?"