नऊशे सत्त्याण्णवावं पान

तळ्याकाठच्या एका गावात एक हट्टी रिवाज होता. जत्रेच्या पंगतीत सगळ्या रांगा सारख्याच हव्यात. एक जरी तोकडी पडली, तर गावाचं वर्ष वाईट जातं म्हणे. म्हणून येणारा प्रत्येक जण वेशीवरच्या टोपलीत एक चिंचोका टाकी, आणि पंगतीची कारभारीण गौराक्का ते चिंचोके जमिनीवर मांडून रांगा ठरवी. जो जास्तीचा उरे, त्याची शिधा देऊन बोळवण होई. शिधा भरपूर असे हो, पण माणूस जाई तो मान खाली घालूनच.

त्या वर्षी चिंचोके निघाले नऊशे शहाण्णव. बारा रांगा, रांगेत त्र्याऐंशी. गौराक्का खूश. पानं मांडणार, तोच गावोगाव कल्हई करत फिरणारा एक म्हातारा आला आणि त्यानंही चिंचोका टाकला.

पाटील म्हणाले, "शिधा बांधा त्याला. त्यात काय एवढं?"

"शिधा नको, पाटील," म्हातारा म्हणाला. "पोट कुठंही भरतं. पण वर्ष झालं, चार माणसांत बसून जेवलो नाही."

एक बाई म्हणाली, "बाबा, मी घरी जेवीन. माझ्या जागी बसा."

"कुणाला उठवून मी बसायचा नाही, पोरी."

आता आली का पंचाईत! गौराक्का पदर खोचून चिंचोक्यांना भिडली. दोन रांगा केल्या, एक उरला. तीन केल्या, एक उरला. पाचांत दोन उरले, सातांत तीन. एकतीस रांगांपर्यंत येऊन ती थांबली.

"पुढं जाण्यात अर्थ नाही," ती म्हणाली. "आता रांगा वाढतील नि रांगेतली माणसं घटतील. म्हणजे आधीच्याच मांडण्या आडव्या होऊन परत येणार. हा आकडा वाटला जायचा नाही."

"मग द्या शिधा," पाटील म्हणाले. आमटी निवत होती आणि त्यांचा जीव तिच्यात होता.

म्हाताऱ्यानं पिशवी उचलली. गौराक्काला फार वाईट वाटलं. ती चिंचोक्यांकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "थांबा, बाबा. एकच रांग करून बघायची राहिली की! तोकडी पडायला दुसरी रांग आहेच कुठं?"

"एवढी रांग मावेल कुठं?" पाटलांनी विचारलं.

"तळं आहे ना. काठाकाठानं बसू."

पुढं शाळेत शिकाल, अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात. त्याची एकतर एकच रांग करा, नाहीतर एकेकट्याला वेगळं बसवा. आणि एकेकट्यानं जेवण्यात कसली आली पंगत?

वाढप्यांची पायपीट झाली, ते कुरकुरलेही. पहिलं पान मानाचं, म्हणजे पाटलांचं. शेवटचं कल्हईवाल्याचं. पण रांग तळ्याला वळसा घालून परत आली आणि दोघं मांडीला मांडी लावून बसले. पाटील जरा अवघडले.

म्हातारा म्हणाला, "आमटी फर्मास आहे, पाटील. थोडी निवलीय एवढंच."

पाटलांना हसू आवरेना. त्यांनी आपल्या पानातला लाडू उचलून त्याच्या पानात ठेवला.

पुढच्या वर्षी चिंचोक्यांच्या झकास वीस रांगा होत होत्या. पण पाटलांनीच टोपली बाजूला सारली. "तळ्याकाठीच बसू," ते म्हणाले, "आणि माझ्या शेजारचं पान राखून ठेवा. तो म्हातारा यायचाय अजून."

तात्पर्य एवढंच, बाळांनो: जो आपल्या मांडणीत बसत नाही, त्याला उठवण्याआधी मांडणी बदलून बघावी.