हलक्या हाताची सिस्टर

खाडीच्या काठावर देवखोल नावाचं गाव होतं. गावात एक दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात तांडेल सिस्टर होत्या. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे. तांडेल सिस्टर मात्र तिथेच. त्यांचं नाव झालं होतं ते त्यांच्या हातामुळे. रक्त काढावं तर तांडेल सिस्टरनी, असं सगळे म्हणायचे. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, पेशंटला कळायचंसुद्धा नाही. सुई पाहूनच ज्यांना घाम फुटतो असे धट्टेकट्टे खलाशीही त्यांच्यापुढे निमूटपणे हात पसरायचे. "एकदाच टोचणार, दुसऱ्यांदा नाही," असं सिस्टर म्हणायच्या आणि खरंच तसंच व्हायचं.

आता उठता-बसता कौतुक कानावर पडलं की माणसाला त्याची चटक लागतेच. सिस्टरनाही लागली होती. त्यात काही पाप नव्हतं. चांगलं काम करणाऱ्याने थोडं मिरवलं तर कोणाचं काय बिघडतं? दवाखान्यात गावडे सिस्टर म्हणून दुसऱ्या एक होत्या. त्यांचं काम भारी सावकाश. आधी पेशंटचा हात शेकायच्या, मग शीर चाचपायच्या, मग पुन्हा चाचपायच्या. तांडेल सिस्टर हसून म्हणायच्या, "अहो गावडे, रक्त काढताय की मुहूर्त?" सगळा वॉर्ड हसायचा. गावडेही हसायच्या आणि पुन्हा शीर चाचपायला लागायच्या.

एके दिवशी सकाळी सोनाकाकू कासारणीला दवाखान्यात आणलं. गावातल्या बायकांचे हात सोनाकाकूंच्याच बांगड्यांनी भरलेले. पण त्या दिवशी त्यांचे स्वतःचे हात अगदी गळून गेले होते. ताप होता, उलट्या थांबत नव्हत्या, ओठ सुकले होते. डॉक्टर नाडगौडांनी आल्या आल्या डाव्या हाताला सलाईन लावलं. अंगात जरा त्राण यावं म्हणून साखर असलेलं सलाईन लावलं. मग ते तांडेल सिस्टरना म्हणाले, "रक्त तपासायला पाठवा. पुढचं औषध रिपोर्ट बघून ठरवतो."

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. काकूंची सून शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "बघा हं आता, आत्यांना कळणारसुद्धा नाही." सिस्टरनी ते ऐकलं. त्यांनी काकूंच्या उजव्या हाताला पट्टा बांधला आणि शीर शोधली. शीर काही लागेना. अंगातलं पाणीच आटलं होतं, त्यामुळे शिरा पार बसून गेल्या होत्या. सिस्टरनी अंदाजाने सुई घातली. रक्त आलं नाही. पुन्हा घातली. तरी आलं नाही.

काकूंनी डोळे किलकिले केले. "असू दे गं बाय. माझ्या हातूनही बांगडी वाढते कधीकधी." बांगडी फुटली असं कासारीण कधी म्हणत नाही, वाढली म्हणते. मग दम खात काकू पुढे म्हणाल्या, "बांगडी वाढली की आधी गिऱ्हाइकाच्या हातात काच राहिली का ते बघायचं. लाजायला नंतर वेळ असतोच की."

सिस्टरचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळा वॉर्ड आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटत होतं. शेजारची बाई मान उंचावून पाहत होती. दारातून गावडे सिस्टर ट्रे घेऊन चालल्या होत्या, त्याही थबकल्या. तांडेल सिस्टरचे कान गरम झाले. त्या खाटेला वळसा घालून पलीकडे गेल्या. डाव्या हातावर, सलाईनच्या सुईच्या थोडं वर, एक शीर ठळक दिसत होती. त्यांनी सुई घातली आणि नळी झरझर भरली.

"बघा, म्हटलं नव्हतं?" सून म्हणाली.

ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त काढायचं नाही, हे तांडेल सिस्टरना ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन पोरींना त्याच तर शिकवायच्या. वरणात पाणी ओतता ओतता त्यातलं मीठ चाखायचं नाही, तसंच हे. त्या नळीत काकूंचं रक्त किती आणि बाटलीतलं साखरपाणी किती, हे कोणी सांगावं? पण नळी तपासणीला गेली. सिस्टर चहा घेऊन बसल्या. उन्नीस-बीस फरक पडेल, त्यात काय एवढं, असं त्यांनी मनाला समजावलं. मन काही समजलं नाही. चहा निवून गेला.

थोड्या वेळाने डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "यांची साखर भलतीच वाढली आहे. तांडेल, लगेच इन्सुलिन द्या."

साखर वाढलेल्याला इन्सुलिन दिलं तर ती उतरते. पण जिच्या अंगात मुळात साखरच उरलेली नाही, अशा बाईला ते दिलं तर? काकूंच्या पोटात सकाळपासून पाणी ठरलं नव्हतं. सिस्टर कपाटापाशी गेल्या. औषधाची बाटली त्यांनी हातात घेतली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या हातात काच राहिली का ते आधी बघायचं, असं त्या मघाशी म्हणाल्या होत्या. काच तर राहिली होती, आणि ती कुठे आहे हे एकट्या तांडेल सिस्टरना माहीत होतं.

त्यांनी बाटली परत ठेवली.

"डॉक्टर, हे इंजेक्शन देऊ नका. तो रिपोर्ट खरा नाही," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताला मला शीर मिळाली नाही. मी सलाईनच्या हातातून रक्त काढलं."

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट बाजूला ठेवला. "हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो, तेव्हाच सांगायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. मग त्या गावडे सिस्टरकडे वळल्या. "गावडे, काकूंच्या उजव्या हातातून तुम्ही काढता का? मला जमलं नाही."

गावडेंनी फडकं गरम पाण्यात पिळून काकूंचा उजवा हात शेकला. शीर चाचपली, पुन्हा चाचपली. ट्रे या वेळी तांडेल सिस्टरनी धरला होता. मनगटाच्या मागे एक बारीकशी शीर सापडली. रक्त थेंबाथेंबाने आलं, पण आलं.

दुसरा रिपोर्ट आला. काकूंची साखर वाढलेली नव्हतीच, उलट बरीच उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "ते इन्सुलिन गेलं असतं, तर काकू आपल्या हातून गेल्या असत्या." तांडेल सिस्टर व्हरांड्यात जाऊन पदराने डोळे पुसून आल्या आणि काकूंच्या उशाशी बसल्या. संध्याकाळपर्यंत काकूंनी पेज मागितली.

गोष्ट गावात पसरलीच. तांडेल सिस्टरचा हात चुकतो, असं चार लोक बोलले. पुढे सोनाकाकू पुन्हा रक्त तपासायला दवाखान्यात आल्या, तेव्हा सून हळूच म्हणाली, "आत्या, गावडे सिस्टरना बोलवू का?"

काकूंनी सरळ तांडेल सिस्टरपुढे हात केला. "हीच काढेल. हिच्या हातून चुकलं, तर ही सांगते. मला तेवढं पुरे आहे."

सिस्टरनी पट्टा बांधला. फडकं गरम करून काकूंचा हात शेकला. शीर चाचपली, पुन्हा चाचपली.

"काकू, एकदाच टोचेन असं काही सांगत नाही हं," त्या म्हणाल्या.

"टोच की," काकू म्हणाल्या. "मी कुठे पळून चाललेय?"

तात्पर्य: नाव राखण्यासाठी लपवलेली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, तीच वेळेवर सांगितली तर आपल्या थोड्याशा लाजेवर भागतं.