गल्लीच्या तोंडाशी उभी गाडी

रॅली जिंकलेले बर्गेसाहेब आपल्या दुकानात गरजले, "कॉइलओव्हर सस्पेन्शन घ्यायचं तर सगळ्यात कडक! गाडी जमिनीला टेकली पाहिजे. माझीच बघा!"

प्राध्यापक दिनकरराव दचकले. मणक्याच्या ऑपरेशननंतर लेकीच्या वेगवान छोट्या गाडीतून फिरणं हाच त्यांचा विरंगुळा होता. चाकांवर अशा कडक स्प्रिंगा बसल्या की धक्क्यांनी तो संपला. पण एवढ्या जाणकाराला सांगायचं कसं?

त्यांच्या लेकीने, मृण्मयीने विचारलं, "काका, दारात एवढी जागा असताना तुमची गाडी पार गल्लीच्या तोंडाशी का?"

बर्गेसाहेबांनी दुकानाअलीकडच्या उंच स्पीडब्रेकरकडे बघायचं टाळलं.

"तो स्पीडब्रेकर ओलांडून गाडी घरी पोचेल आणि बाबांची पाठ दुखणार नाही, असं सस्पेन्शन द्या," मृण्मयी म्हणाली.

दिनकरराव थक्क झाले. गल्लीच्या तोंडाशी ती गाडी बघतच तेही आत आले होते, पण त्यांना हे सुचलं नव्हतं!