पुढं किती?

"...मग आता तरी गाडी माझ्या हातात द्याल?" वैजनाथने विचारलं.

येसाजीबाबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

बाबा मूळचे आजऱ्याचे. लष्करात गाड्या दुरुस्त करता करता विरक्ती आली आणि हिमाचलमधल्या लाहौलच्या डोंगरात मठी बांधून राहिले. बाबा देवापेक्षा बर्फगाडीचीच सेवा जास्त करतात, असं वस्तीवरचे लोक चेष्टेने म्हणत. गाडीला पुढे वळण्यासाठी बर्फावर घसरणाऱ्या दोन लांब फळ्या, म्हणजे स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा. त्यामागे जोडलेली घसरगाडी, आजाऱ्याला झोपवून दवाखान्यात न्यायला.

दवाखान्याच्या वाटेत एक वळण होतं आणि वळणाखाली दरी. आठवडाभरात तिथल्या बर्फाची पार काच झाली होती. आज दुपारी त्याच वाटेने वरच्या वस्तीतल्या डोल्माला बाळंतपणासाठी न्यायचं होतं. बाबांचा गुडघा कामातून गेलेला. म्हणजे उरला वैजनाथ.

वैजनाथ कराडचा इंजिनिअर. शिष्य व्हायला आला होता, पण इंजिनिअर असल्याचं अजून विसरला नव्हता. दोन दिवस खपून त्याने रबरी पट्ट्यात टोकदार पोलादी खिळे बसवले होते.

"किती मारलंस?"

"एकशे ब्याण्णव. आता गाडी घसरूच शकत नाही, बाबा. अशी पकड तुमच्या लष्करातही नसेल."

"पुढं किती?"

"पुढे कशाला? जोर तर मागून येतो."

"हं..."

बाबांनी किल्ली दिली आणि आधी अंगणात एक फेरी मारायला सांगितलं.

खिळ्यांनी बर्फ धरलं, गाडी सुसाट निघाली. वैजनाथने हँडल वळवलं. स्की वळल्या, गाडी वळली नाही. ती नाकासमोर गेली आणि सरपणाच्या ढिगात घुसली.

"मी हँडल पूर्ण वळवलं होतं," अंगावरचं बर्फ झटकत तो म्हणाला.

"बघितलं मी."

बाबांनी आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात स्कीच्या तळाला लावायच्या दोन धारदार पोलादी पट्ट्या होत्या. वैजनाथने वाकून स्कीखाली पाहिलं. तिथल्या जुन्या पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मागून एकशे ब्याण्णव खिळे ढकलत होते आणि पुढे बर्फात रुतायला काहीच नव्हतं. त्याचे कान तापले.

"तुम्हाला माहीत होतं. मग आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं की रं."

वैजनाथ मुकाट्याने कामाला लागला. नव्या पट्ट्या बसवल्या, बोल्ट दोनदा तपासले. मग सरपणाच्या ढिगाला एक फेरी मारली, दुसरी मारली. गाडी हवी तशी वळत होती. त्याने ती बंद केली आणि किल्ली बाबांच्या पुढे धरली.

"आता वळते. पण मघाशीही मला अशीच खात्री होती, बाबा..."

बाबांनी किल्ली हातात घेतली.

"मागे ती बाई झोपलेली असेल. अजून काय माझ्या नजरेतून सुटलंय, ते मला कळत नाही. मला भीती वाटते."



मग बाबांनी किल्ली त्याच्याच तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली. लंगडत घसरगाडीपर्यंत गेले, आजाऱ्याच्या जागी आडवे झाले आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"डोल्माच्या आधी मी. वळण आलं तरी मला उठवू नकोस."