तीनदा विचारलेला प्रश्न

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. त्या गावची खरबुजं मात्र साखरेसारखी गोड होती. गावच्या बागेत गवताने शाकारलेली एक खोपी होती आणि खरबुजाचं बी तिथेच ठेवत.

एकदा मोठी वावटळ आली. खोपीचं छप्पर फाटलं, मडकी फुटली, बी चिखलात गेलं. म्हाताऱ्या माळणीने पोटाशी धरलेलं एकच मडकं तेवढं वाचलं.

छप्पर शाकारायला शेजारच्या गावचा तरणाबांड कारागीर आला. त्याचा हात चपळ होता, आणि तोंड त्याहून चपळ! "सूर्य माथ्यावर यायच्या आत खोपी तयार," तो म्हणाला.

अख्खं गाव बागेत जमलं. ढोल वाजू लागला, पोरं गवताच्या पेंढ्या पळवत आणू लागली, बायका भरल्या घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कारण त्या गावची रीतच होती: छप्पर झालं की शाकारणाऱ्याने बियाचं मडकं उघडं करून मांडीवर घ्यायचं आणि आत बसायचं. माळणीने बाहेरून तीनदा विचारायचं, "ओतू का?" त्याने तीनदा "ओता" म्हटलं, की वरून चाळीस घागरी ओतायच्या. तीनदाच का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारागीर वळचणीपासून वर वर गवत बांधत चालला. प्रत्येक थराला टाळ्या पडत होत्या. एका कोपऱ्यात त्याला कुजका वासा दिसला. तो बदलायचा, तर आजूबाजूचं सगळं उसवावं लागणार! खाली ढोल रंगात आला होता. त्याने वासा तसाच ठेवून वर जाड गवत दाबलं. सूर्य माथ्यावर यायच्या आत खोपी सोन्यासारखी चमकू लागली.

मडकं घेऊन तो आत बसला. बाहेर लोक शिड्यांवर चढले.

"ओतू का रे बाबा?" माळणीने विचारलं.

"ओता!" तो रुबाबात म्हणाला.

"ओतू का?"

"ओता." या वेळी आवाज जरा बसला होता. त्याची नजर त्या कोपऱ्यावरून हलत नव्हती.

"ओतू का?"

त्याने मडकं पोटाशी ओढलं. मडकं हललं आणि आतलं कोरडं बी खुळखुळलं. भिजलं तर ते पुन्हा वाजणार नव्हतं, आणि रुजणारही नव्हतं.

"थांबा!" तो ओरडला.

ढोल थांबला. मडकं छातीशी धरून तो बाहेर आला. "कोपऱ्यातला वासा कुजलाय, आजी. मला दिसला होता. मी वर गवत टाकून झाकला."

"मग दोनदा 'ओता' का म्हणालास?"

"पहिल्यांदा टाळ्यांना भुललो. दुसऱ्यांदा लाज वाटली."

माळीण खळखळून हसली. "सत्तर वर्षं ऐकतेय मी हा प्रश्न. तीनदा का विचारायचं, ते आज कळलं बघ." तिने पदर खोचला. "आता उभे काय राहिलात सगळे? वासा आणा!"

मग काय विचारता! कुणी वासा तासला, कुणी दोर वळला, कुणी नुसतीच आरडाओरड केली. कुजकं सगळं उतरवलं, कोपरा नव्याने शाकारला. कारागीर पुन्हा आत बसला आणि त्याने तीनदा ठणकावून "ओता" म्हटलं. चाळीस घागरी रिकाम्या झाल्या.

माळणीने मडकं कानाशी नेऊन हलवलं. बी खुळखुळलं, आणि गावाने असा जल्लोष केला की झाडावरची पाखरं उडाली.

त्या हंगामातलं पहिलं खरबूज त्या कारागिराला मिळालं. पुढे पंचक्रोशीतली छपरं त्यानेच शाकारली. लोक म्हणायचे, "चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत, पण कच्चं राहिलं तर हा आपणहून सांगतो."

म्हणून लक्षात ठेवा, थोरांनो आणि पोरांनो: आपली चूक सांगायची, तर पाणी घागरीत आहे तोवरच सांगावी.