खडकोंडीच्या सात गाठी

खडकोंडीच्या वेशीआत पांगारा आहे. त्याच्या सावलीत देवीचा मुखवटा दिसेल. तो कुणी ठेवलेला नाही, पडला तिथेच राहिला आहे. फणसाच्या लाकडाचा आहे. मागच्या दोऱ्यांना सात गाठी आहेत, त्या कुणाला सुटत नाहीत. फाल्गुनात गावात बोहाडा होतो. एकेका देवाचे सोंग, तोंडाला मुखवटा बांधून, संबळाच्या तालावर नाचत येते. उजाडताना देवीची पाळी येते. संबळ घुमतो, माणसे बाजूला सरून वाट करून देतात, आणि त्या वाटेने कुणीच येत नाही. म्हैसासुराचे सोंग रिकाम्या जागेसमोर नाचते आणि आपले आपणच पडते. बाहेरगावची माणसे हसतात. हसू द्यावे. त्यांना पवळी ठाऊक नसते.

पवळी ही भिवाची एकुलती एक लेक. देवीचे सोंग सात पिढ्या भिवाच्या घरात होते, असे सांगतात. पण ते घ्यायचे पुरुषाने. बाईने मुखवट्याला हात लावला तरी विटाळ. बोहाडा जवळ आला की भिवा डोक्यावर जात्याची तळी बांधून अंगणात पावले घोटायचा, मुखवटा पेलायला मान बळकट व्हावी म्हणून. पवळी अंगण सारवताना ती पावले बघायची.

"बा, तिसऱ्याला वळायचं. चुकलास."

"मग तूच वळ की," भिवा हसून म्हणायचा.

त्याने ते थट्टेने म्हटले होते. पोरीने ते मनात जपून ठेवले.

एका साली शेतात भाजायच्या राबासाठी फांद्या तोडताना भिवा झाडावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. बोहाडा आठ दिवसांवर आला होता. देवी नाचली नाही तर म्हैसासुर मरत नाही आणि वर्षभर रोगराई होऊन गावात हिंडतो, अशी गावाची समजूत. काथोड पाटलाने निरोप धाडला, भिवाला जमत नसेल तर सोंग दुसऱ्या घरी जाईल. कायमचे.

पवळी बापाच्या खाटेशी येऊन बसली.

"मी नाचते, बा."

"बाईमाणसाला चालत नाय."

"मग देवी कोण हाय?"

भिवाने भिंतीकडे तोंड केले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पाटलाला सांगतो, लांबच्या पाड्यावरचा भाचा आलाय नाचायला. मुखवट्याखाली कोण हाय ते कुणाला दिसतंय? पण पावलं जड टाक, मी टाकतो तशी. बाईवाणी चाललीस तर धरतील."

मग पडल्या पडल्याच त्याने तिला शिकवले. पदर कसा झटकायचा, कंबर कशी मुरडायची, पुरुष बाईचे सोंग घेऊन करतात तसे सगळे. पवळीला हसू येई, मग ते मावळे. आपल्या रोजच्या चालीने देवी होता येणार नाही, हे तिला बापाकडून शिकावे लागत होते.

बोहाड्याच्या दिवशी भिवाने तिच्या पायावरचे बायकी गोंदण चिखलाने झाकले. मुखवटा चढवला आणि मागे सात गाठी मारल्या. ती गाठ त्याच घराची, दुसऱ्या कुणाला मारता येत नसे की सोडता येत नसे. शेवटची गाठ मारताना त्याचा हात तिच्या मानेवर जरा रेंगाळला. "भिऊ नगंस," तो म्हणाला.

ती निघाली. पहिली काही पावले तिने बापासारखी जड टाकली. मग म्हणे तो मुखवटा पानासारखा हलका झाला आणि लाकडी पापण्या लवल्या. ज्या पुरुषांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, त्यांची वाकलेली डोकी तिला मुखवट्याच्या दोन भोकांतून दिसली. ती जड पावले विसरली. आपल्या पावलांनी नाचली. तिसऱ्याला वळली. अशी देवी गावाने कधी पाहिली नव्हती.

रीतीप्रमाणे बाया देवीचे पाय धुवायला आल्या. चिखल गेला आणि पायावरची गोंदलेली तुळस वर आली. बायांनी एकमेकींकडे पाहिले. एकीने लुगड्याचा काठ हळूच खाली ओढला.

मग पाटील पायावर डोके ठेवायला वाकला, आणि काठ सरकला.

"ही तर पोर हाय!" तो ताडकन उठला. "भिव्या, कुणी बांधला मुखवटा? बांधणाऱ्याचं घर वाळीत पडंल!"

भिवाची खाट सोंग बघायला तिथेच आणून ठेवली होती. सारे गाव त्याच्याकडे बघत होते. पवळीही त्या दोन भोकांतून बघत होती.

"मला ठावं नाय," भिवा म्हणाला. "पोरीनं चोरून घातला."

पाटलाने मुखवटा सोडायला सांगितले. एकामागून एक चार जण झटले, गाठ हलेना. ती कुणाच्या हातची गाठ, हे सगळ्यांना कळत होते, पाटलालाही. शेवटी तोच म्हणाला, "भिव्या, तू सोड."

चौघांनी खाट तिच्याजवळ नेली. भिवाने हात वर केले. "वाक जराशी, पवळे."

मुखवट्यातून आवाज आला. त्या आवाजात राग नव्हता, असे सांगतात. अंगण सारवताना बापाची चूक दाखवायची, तसाच होता.

"बा, तू बांधलाच न्हाईस. मग सोडशील कसा?"

भिवाचे बोट पहिल्या गाठीला लागले, आणि लुगडे जागच्या जागी खाली बसले. आत कुणी नव्हते. मुखवटा जमिनीवर पडला. पांगाऱ्याच्या बुंध्यापर्यंत ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, पुढे नव्हते. भिवा गाठींशी झटत राहिला. बोटांतून रक्त आले, तरी एकही सुटली नाही.

आजही देवीची पाळी आली की भिवाच्या भावकीतला वडीलधारा पुरुष पांगाऱ्याखाली बसतो आणि साऱ्या गावादेखत तीनदा म्हणतो, "मीच बांधला. मीच बांधला. मीच बांधला." बाया पुढे होतात आणि तांब्यातले पाणी मातीवरच ओततात, पाय असते तिथे. मग गावातले आठ दांडगे गडी मुखवट्याला हात घालतात. तो तसूभर हलत नाही. इतकी वर्षे झाली, दरसाली नवे गडी बोलावतात, दूरदूरच्या पाड्यांवरूनही आणतात.

पोरी समोरच बसलेल्या असतात. गुडघ्यावर बोटांनी ताल धरतात, तिसऱ्याला मान वळवतात. आजवर त्यांतल्या एकीलाही कुणी म्हटलेले नाही, ये, तू उचलून बघ.